न पेरलेलें पीक

समुद्रापासून चारशें किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या साखऱ्यासारख्या गांवांत बसून कोणी मासे धरण्याच्या जाळ्यांविषयीं लिहूं लागला, तर वाचकांस हंसूं येणें स्वाभाविक आहे. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील हा आमचा मुलूख काळ्या मातीचा, हळदीचा आणि सोयाबीनचा. येथील पाणी शेवटीं मिळतें तेंही गोदावरीवाटे पूर्वेच्या समुद्रास. कोंकणच्या समुद्राशीं आमचें नदीच्या नात्यानेंही नातें नाहीं. तथापि एखाद्या प्रश्नाचें स्वरूप त्यांत गुरफटलेल्या माणसापेक्षां दूरच्या माणसाला कधीं कधीं अधिक स्पष्ट दिसतें, एवढ्याच आधारावर आम्ही हें धाडस करीत आहों. शिवाय या विषयाकडे आमचें लक्ष प्रथम वेधलें तें समुद्रावर नव्हे, तर आमच्याच भागांतील एका आठवडी बाजारांत.

सुक्या मासळीचा एक विक्रेता गोणपाटावर सुकटीचा ढीग मांडून बसला होता. आम्हीं सहज वांकून पाहिलें, तों त्या ढिगांत जवळ्याबरोबर बोटभर लांबीचे, कागदासारखे चपटे असे पुष्कळ मासे वाळून पडलेले दिसले. ती कांहीं लहान माशांची निराळी जात नव्हती. पुढें मोठ्या होणाऱ्या माशांचीं तीं पिलें होतीं. शेजारीं उभी असलेली एक वृद्ध शेतकरीण तो ढीग हातानें चाळीत विक्रेत्याला म्हणाली, "दादा, हे तर समदं बेणंच विकायला आणलं की वो!" विक्रेता हंसून म्हणाला, "मावशी, खायला गोड लागतं ना? मग झालं!" आम्हीही हंसलों. बाईनें मापभर सुकट पदरांत घेतली आणि ती चालती झाली. घरीं येईपर्यंत आमचें हंसूं मात्र मावळलें होतें. त्या बाईच्या एका वाक्यांत केवढा मोठा प्रश्न सांठविलेला आहे, आणि तो प्रश्न उच्चारून तिनें ती सुकट विकत घेतली यांत त्याची केवढी अडचण आहे, हें आमच्या हळूहळू ध्यानांत येऊं लागलें.

शेतकऱ्याच्या नीतिशास्त्रांत बेण्याला फार मोठें स्थान आहे. आमच्याकडे हळद काढली म्हणजे शेतकरी जोमदार जेठे गड्डे आधीं बाजूला काढतो, सावलींत त्यांचा ढीग करून वर पाला घालतो आणि पुढच्या लागवडीपर्यंत त्यांस जिवापाड जपतो. बाजारभाव कितीही चढला, तरी त्या ढिगाला हात लावावयाचा नसतो. १९७२ च्या दुष्काळांतून गेलेलीं माणसें सांगतात, कीं घरांतील कणगी रिकामी झाल्यावरही बियाण्याच्या मडक्यांत हात घालणें हें उपवासापेक्षां कठीण वाटे. पुढच्या वर्षाचा घांस आजच्या भुकेनें खाऊं नये, हा धडा येथें कोणी पुस्तकांतून शिकत नाहीं.

परंतु येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. शेतकऱ्याच्या या संयमांत त्याग असला, तरी त्या त्यागाचें फळ त्याच्याच शेतांत उगवतें. त्यानें राखलेलें बेणें शेजारी उचलून नेत नाहीं. आमच्या बाजूच्या धरणांतील मासेमारीचीही बहुतेक हीच गोष्ट आहे. पूर्णेवरचें सिद्धेश्वर किंवा पैनगंगेवरचें इसापूर अशा जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांचीं बोटुकलीं सोडावयाचीं आणि तीं वाढल्यावर धरावयाचीं, असा हा व्यवहार आहे. सहकारी संस्था ठेका घेते, बीज सोडते आणि माल काढते. ज्यानें पेरलें त्यानें कापावें, हा न्याय तेथें निदान समजण्यास सोपा आहे; आणि ज्याला पुढच्या हंगामाचीही आशा आहे, तो आपल्याच बोटुकल्यांना जाळ्यांत ओढण्याइतका वेडा सहसा नसतो.

समुद्राची गोष्ट निराळी. तेथें कोणी पेरीत नाहीं, कोणी राखीत नाहीं, आणि कापणीला मात्र सर्वच सज्ज. म्हणून आमचा प्रश्न असा, कीं जें पीक कोणींच पेरलेलें नाहीं त्यांतून माणसानें किती घ्यावें? आणि जें राखल्याचें फळ आपल्याच पदरांत पडेल अशी शाश्वती नाहीं, तें राखण्याचें बंधन त्याच्यावर आहे काय?

हा प्रश्न मनांत घेऊन आम्हीं पुढें एकदां वसईपासून सातपाटीपर्यंतचा उत्तर कोंकणचा किनारा पाहिला. तेथील जाळ्यांची थोडी ओळख वाचकांस करून देणें अवश्य आहे. कारण आमच्या मतें या प्रश्नाचें अर्धें उत्तर जाळ्यांच्या विणींतच आहे. जाळ्याच्या एकेका घराला मच्छिमार लोक 'आस' म्हणतात. हा आस केवढा असावा, यावर कोणता मासा मरणार आणि कोणता सुटणार हें ठरतें.

त्या किनाऱ्यावरचें जुनें व मुख्य जाळें म्हणजे डोल. ही एक प्रचंड, निमुळती होत गेलेली पिशवी. समुद्राच्या तळांत खुंट रोवून किंवा नांगर टाकून तिचें तोंड भरती-ओहोटीच्या ओघासमोर उघडें बांधून ठेवितात. डोल माशाच्या मागें धांवत नाहीं. ओघाबरोबर जें येईल तें पोटांत घेते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचा ओघ जोराचा असतो, तेव्हां ती भरते. अष्टमीच्या सुमारास भांगाचें मंद पाणी असतें, तेव्हां तिला फारसें कांहीं लाभत नाहीं. बोंबील, करंदी, जवळा हें तिचें मुख्य धन. दुसरें जाळें वावरी. हें पाण्यांत पडद्यासारखें टांगलेलें असतें. ज्या माशाचें डोकें आसांत शिरतें पण धड शिरत नाहीं, तो कल्ल्यांपाशीं अडकतो. त्याहून लहान असेल तो पार होतो. सातपाटीच्या पापलेटाची कीर्ति या जाळ्यानें वाढविली. दक्षिणेकडे मालवण व गोवें या बाजूला रापण प्रसिद्ध आहे. होडींतून जाळें अर्धवर्तुळांत सोडीत न्यावयाचें आणि त्याचीं दोन्ही टोंकें किनाऱ्यावरून अनेक माणसांनीं मिळून ओढावयाचीं. मग जें येईल त्याचे वांटे.

हीं जुनीं जाळीं दयाळू होतीं आणि नवीं क्रूर आहेत, असें म्हणण्याचा मोह होतो. जुन्या काळाविषयींच्या आपल्या सर्वच बोलण्यांत हा मोह डोकावतो. पण तें खरें नाहीं. डोलीच्या शेपटाकडचे आस इतके बारीक असतात कीं त्यांतून जवळाही सुटत नाहीं. मग पापलेटाचें पिलूं कोठून सुटणार? आठवडी बाजारांत आम्हीं पाहिलेलीं पिलें अशाच एखाद्या डोलींतून आलीं असण्याचा संभव आहे. असें असूनही शतकानुशतकें समुद्र भरलेला राहिला, याचें कारण कोळ्याच्या मनांत शोधूं जाणें व्यर्थ आहे. सुताचें व तागाचें जाळें समुद्राच्या पाण्यांत कुजे. तें झाडांच्या सालींच्या काढ्यांत पुनःपुन्हां बुडवून टिकवावें लागे. होडी शिडावर चाले. वारा पडला कीं ती पडली. पावसाळ्यांत समुद्र खवळला म्हणजे होड्या शाकारून नारळी पौर्णिमेची वाट पाहण्यावांचून गत्यंतर नसे, आणि पुष्कळशा माशांच्या विणीचा काळही नेमका तोच. थोडक्यांत, मर्यादा होती. पण ती माणसाच्या अंतःकरणांत नसून त्याच्या साधनांत होती. ज्याच्या हातांत बळ नाहीं त्याच्या संयमाला आपण सद्गुण म्हणत नाहीं. आपल्या पूर्वजांचा समुद्राशीं असलेला संयम बव्हंशीं याच जातीचा होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या सर्व मर्यादा एकामागून एक गळून पडल्या. होडीला यंत्र आलें, आणि वारा व अंतर यांची सत्ता संपली. सुताच्या जागीं नायलॉन आला. तो कुजत नाहीं, इतका कीं तुटून समुद्रांत वाहून गेलेलें जाळें धन्यावांचूनच मासे मारीत राहतें. ट्रॉल आलें: दोन जड फळ्यांनीं तोंड उघडें ठेविलेली ही पिशवी यंत्राच्या जोरावर तळाशीं फरफटत न्यावयाची आणि वाटेंत येईल तें सारें गोळा करावयाचें. पर्ससीन आलें: माशांच्या थव्याभोंवतीं जाळ्याची भिंत उभी करून खालची दोरी बटव्याच्या नाडीसारखी आवळली, कीं बांगड्याचा अथवा तारलीचा सगळा थवाच्या थवा आंत. अखेरीस रात्रीच्या काळोखांत पाण्यावर एल.ई.डी. दिव्यांचा झगझगाट करून मासे बोलावून घेण्याची युक्ति निघाली. डोल माशाची वाट पाहत असे. आतां मासाच दिव्याकडे चालत येतो. ज्या काळोखांत त्याला आसरा होता तोही आपण विकत घेतला.

साधनांची मर्यादा संपेल तेव्हां काय होईल, याचा विचार पूर्वीच्या लोकांनीं केला नव्हता असें नाहीं. १३७६ सालीं इंग्लंडांत तिसऱ्या एडवर्ड राजाकडे एक अर्ज गेला. समुद्राचा तळ खरवडणारें एक नवें जाळें निघालें आहे, त्याचे आस इतके बारीक कीं लहानांत लहान मासाही सुटत नाहीं, आणि असले मासे इतके सांपडतात कीं लोक ते डुकरांना चारतात, अशी त्यांत तक्रार होती. सामान्य किनारवासीयांना जें साडेसहाशें वर्षांपूर्वीं दिसलें, तें पुढें मोठमोठ्या पंडितांना दिसूं नये हें नवल आहे. ह्यूगो ग्रोशियस यानें १६०९ सालीं समुद्र सर्वांना खुला असावा असें प्रतिपादन केलें, तेव्हां त्याच्या युक्तिवादाचा एक आधार हाच होता, कीं वापरानें समुद्राचें कांहीं उणें होत नाहीं. कर्ताज घेतल्यावांचून आपल्या जहाजांना फिरूं न देणाऱ्या पोर्तुगिजांच्या मिजाशीला हें उत्तर होतें, आणि त्यापुरतें तें आपणांसही गोड वाटेल. १८८३ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत टॉमस हक्स्ले यानें समुद्रांतील मोठ्या मासेमाऱ्या बहुधा अक्षय आहेत असें सांगितलें. त्यानें आपल्या विधानाला 'हल्लींच्या मासेमारीच्या पद्धतींचा विचार करतां' अशा अर्थाची पुस्ती जोडली होती. जगानें विधान तेवढें लक्षांत ठेविलें आणि पुस्ती विसरली. वास्तविक सारा अर्थ त्या पुस्तींतच होता. कारण वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलर-नौका तेव्हां नुकत्याच निघूं लागल्या होत्या. १९९२ च्या जुलै महिन्यांत कॅनडाच्या सरकारला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कॉड माशाची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांच्या घरांत माणसें बेकार झालीं. दोन वर्षांपुरती म्हणून घातलेली ती बंदी उठावयास २०२४ साल उजाडलें.

आतां कोणी म्हणेल, कीं मग यांत विचार करण्याजोगें काय उरलें? पिलें धरूं नयेत, मोठ्या आसाचें जाळें लावावें, इतकें सरळ उत्तर आहे. आम्हांसही तसेंच वाटत होतें. पण सातपाटीच्या बाजूला भेटलेल्या एका वयस्क मच्छिमारानें आमचा हा सरळपणा फार वेळ टिकूं दिला नाहीं. तो म्हणाला, "साहेब, मी मोठ्या आसाचं जाळं लावलं, लहान पापलेट सोडून दिलं. मागून येणाऱ्यानं तेच धरलं. मग वाचलं कोण? मासा नाही वाचला. मीच तेवढा बुडालो. डिझेलचं कर्ज माझंच, आणि खलाशांची पोरंही माझ्याच दारात." आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर आमच्या गांवच्या विहिरींची आठवण होऊन आम्ही गप्प बसलों. एकानें दोनशें फूट बोअर घेतली कीं शेजारी चारशें फुटांवर जातो. जो संयम करतो त्याचें पाणी दुसऱ्याच्या मोटारीनें उपसलें जातें. जमिनीच्या पोटांतलें पाणी हेंही एक न पेरलेलें पीकच आहे. समुद्राचा प्रश्न आमच्या साखऱ्याच्या शिवारांत शिरला तो असा.

या अडचणीला प्राचीनांनीं एक मार्मिक नांव देऊन ठेविलें आहे: मत्स्यन्याय. दंडधारी राजा नसेल तर मोठा मासा लहान माशाला खातो, असें राजनीतीचे ग्रंथ सांगतात. पण याच प्रतिमेची एक जुनी व कोमल बाजू शतपथब्राह्मणांतील मनूच्या कथेंत आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाहीं. हात धुण्याच्या पाण्यांत मनूला एक चिमुकला मासा सांपडतो. तो म्हणतो, मला वांचव, मी तुला वांचवीन. कसें वांचवूं असें विचारतां तो सांगतो, कीं आम्ही लहान आहों तोंवर आम्हांला फार भय आहे, मासाच माशाला गिळतो. मला आधीं घागरींत, मग खड्ड्यांत ठेव आणि मोठा झाल्यावर समुद्रांत सोड. मनूनें तसें केलें आणि प्रलयाच्या वेळीं त्याच माशानें त्याची नौका तारून नेली. लहान आहे तोंवर सोड, एवढीच त्या माशाची मागणी होती. आजच्या मत्स्यशास्त्राला याहून निराळें कांहीं सांगावयाचें नाहीं.

परंतु मनूची सोय अशी होती, कीं तो एकटा होता. त्यानें घागरींत ठेविलेला मासा पळवून नेणारा दुसरा मनु तेथें नव्हता. आपण सर्व मनु आहों, आणि घागर एकच आहे. येथें व्यक्तीचा सद्गुण अपुरा पडतो, हें स्पष्टपणें कबूल केलें पाहिजे. ज्याच्या सोडण्यानें मासा वांचत नाहीं आणि मुलें मात्र उपाशी राहतात, त्याला 'तूं तरी सोड' असें सांगण्याचा अधिकार पोटभर जेवणाऱ्या आम्हांला नाहीं. मग तो मच्छिमार बंधमुक्त झाला काय? आमच्या मतें नाहीं. त्याचें कर्तव्य नाहींसें होत नाहीं. तें स्थान बदलतें. एकट्यानें सोडून देण्याचें कर्तव्य त्याच्यावर नसलें, तरी सर्वांनीं सोडावें असा नियम मागण्याचें आहे. तो नियम झाल्यावर, कोणी पाहत नसलें तरी, तो पाळण्याचें आहे. आणि निदान तो मोडणारा पहिला माणूस आपण न होण्याचें तर निश्चितच आहे. मागून येणाऱ्याची सबब पुढें करणारा प्रत्येकजण कोणाच्या तरी पुढें असतो, हें तो विसरतो.

असा नियम मागणारे लोक झाले नाहींत असें नव्हे. १९७० नंतरच्या दशकांत गोव्याच्या रापणकरांनीं ट्रॉलरांविरुद्ध संघटित होऊन चळवळ केली आणि १९८० सालीं तेथें सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. ज्यांचें जाळें सर्वांत दुबळें त्यांनींच नियमाची मागणी आधीं केली, यांत त्यांचा स्वार्थ होता हें उघड आहे. पण जो स्वार्थ सर्वांसाठीं एकच नियम मागतो, त्याला आम्ही न्यायबुद्धीचा आरंभ समजतों. महाराष्ट्रानें १९८१ सालीं असाच कायदा केला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें पर्ससीन जाळ्यांवर राज्यानें कडक बंधनें घातलीं. १० नोव्हेंबर २०१७ रोजीं केंद्र सरकारनें दिव्यांच्या साह्यानें होणाऱ्या व दोन नौकांनीं मिळून जाळें ओढण्याच्या मासेमारीस मनाई केली. २०२३ सालीं पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला, आणि त्याच वर्षीं ५४ जातींच्या माशांचें किमान आकारमान ठरविण्यांत आलें: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. पापलेटाचें माप म्हणजे सुमारें सव्वापांच इंच. बाजारांतील सुकटीच्या ढिगांतले चपटे मासे आम्हांला त्या क्षणीं आठवले. त्यांतला एकही या मापाच्या जवळपास जाणारा नव्हता.

ही कल्पना आपल्या देशाला नवी नाहीं. अशोकाच्या स्तंभलेखांत वर्षांतील कांहीं ठराविक दिवशीं मासे मारूं नयेत व विकूंही नयेत, अशी आज्ञा कोरलेली आहे. 'विकूंही नयेत' या दोन शब्दांतील शहाणपण विशेष विचार करण्याजोगें आहे. समुद्रावर रात्रीच्या वेळीं कोणाच्या जाळ्याचा आस किती, हें पाहणारा शिपाई प्रत्येक नौकेमागें ठेवणें कोणत्याही सरकारला शक्य नाहीं. कायदा समुद्रावर दुबळा असतो. बाजारांत त्याला हातपाय फुटतात. म्हणजे जाळ्याची एक दोरी ग्राहकाच्याही हातांत आहे. शहरांतील सुशिक्षित घरांत ताटांत मावेल एवढें, एका माणसाला एक पुरे होईल असें पापलेट हवें असतें; लहान मासा कोवळा म्हणून त्याची वाखाणणी होते. त्या कोंवळेपणाची किंमत कोण देतो, हें ताटावर लिहिलेलें नसतें. आणि जे मासे खात नाहींत त्यांनींही फार निश्चिंत राहूं नये. ट्रॉलच्या जाळ्यांत येणाऱ्या पुष्कळशा बारीक मासळीची भुकटी होऊन ती कोंबड्यांच्या व पाळीव माशांच्या खाद्यांत जाते. १३७६ च्या अर्जांतील डुकरांच्या जागीं आतां कोंबड्या आल्या आहेत, इतकाच फरक. आणि अंडें साखऱ्यांतही मिळतें.

नियमाच्या बाबतींत आणखी दोन गोष्टी सांगितल्यावांचून आमचें म्हणणें पुरें होणार नाहीं. पहिली ही, कीं नियम वरून आलेला असूनच चालत नाहीं. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीला २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें सामाईक संपत्ति लोक आपसांत नियम करून राखूं शकतात हें तिनें अनेक देशांच्या उदाहरणांनीं दाखवून दिल्याबद्दल. आपल्या किनाऱ्यावरही डोलीचे खुंट रोवण्याच्या जागा गांवोगांवच्या वहिवाटीनें ठरत आल्या आहेत. त्या जागांवरून सातपाटी-डहाणूकडील आणि वसई-उत्तनकडील मच्छिमारांत कलहही होत आले आहेत, हें खरें; पण ज्या नियमावरून माणसें भांडतात तो नियम निदान त्यांचा स्वतःचा तरी असतो. दुसरी गोष्ट ही, कीं संयमाचा भार वांटतांना वांटे रापणीसारखे पडले पाहिजेत. मोठ्या जाळ्याच्या धन्यानें रात्रीं दिवे लावावे आणि डोलवाल्या गरिबाला मात्र आपण आसाचें माप शिकवावें, हा पुन्हां मत्स्यन्यायच; फक्त त्याला कायद्याचें पांघरूण घातलेलें. ज्याचें जाळें मोठें त्याची मर्यादा आधीं. आणि बंदीच्या दिवसांत खलाशाच्या चुलीची तजवीज ज्या नियमांत नाहीं, तो नियम पाळला गेला नाहीं म्हणून रागावण्याचा आपल्याला फारसा हक्क नाहीं.

आमच्या मूळच्या प्रश्नाकडे वळूं. जें कोणींच पेरलेलें नाहीं त्यांतून किती घ्यावें? ज्यानें पेरलें त्याचा हक्क, हा शेतकऱ्याचा न्याय येथें लागत नाहीं. पण बेणें राखावें, हा शेतकऱ्याचा दुसरा न्याय येथेंही लागतो. किंबहुना येथेंच तो अधिक लागतो. शेतांतलें बेणें संपलें तर दुसऱ्या गांवाहून आणतां येतें; समुद्राचें बेणें आणावयास दुसरा समुद्र नाहीं. फरक इतकाच, कीं आपल्या शेताचें बेणें एकट्याला राखतां येतें, आणि समुद्राचें बेणें सर्वांनीं मिळूनच राखावें लागतें. पूर्वीं सूत कुजे, वारा पडे, भांगाचें पाणी मंदावे, आणि आपल्या वतीनें निसर्गच तें राखीत असे. आतां न कुजणारें जाळें आपल्या हातांत आहे. जी मर्यादा दोऱ्यांत होती ती आपल्या मनांत आणि आपल्या नियमांत आणावयाची, कीं कोठेंच आणावयाची नाहीं, एवढाच काय तो निर्णय उरला आहे.

त्या आठवडी बाजारांत आम्ही अजून जातों. सुकटीचा ढीग तेथें अजून मांडलेला असतो. ती वृद्ध बाई पुन्हां दिसली नाहीं. पण ती दिसली तरी तिला उपदेश करण्याचें धैर्य आम्हांला होणार नाहीं. मापभर सुकट हें तिच्या घरचें आठवड्याचें कोरड्यास असेल. ज्यांना दुसरें कांहीं घेणें परवडतें अशा आम्हां-तुम्हांला मात्र ढिगापाशीं वांकून पाहण्याची, आणि हा मासा केवढा होणार होता असें विक्रेत्याला एकदां तरी विचारण्याची संवय लावून घेतां येईल. विक्रेता तो प्रश्न आपल्या व्यापाऱ्याला विचारील, व्यापारी बंदरावर विचारील. प्रश्न तितका दूर पोंचेल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं; पण सुकट जर सातपाटीहून साखऱ्यापर्यंत येऊं शकते, तर साखऱ्याहून एक प्रश्न सातपाटीपर्यंत जाण्यास वाटेची अडचण नसावी.